साडेपाच ते आठ

शाळा सुटते साडेपाचला. आई धुणीभांडी आटपून घरी येते आठला. मधले अडीच तास पोरगं कुणाचं? आमच्या वस्तीत ते पानटपरीचं होतं. म्हणून समाजमंदिरात मी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. आधी चटई अंथरली, मग कॅरम आणला. गणित सगळ्यात शेवटी.

वाट दाखवली नागपूरच्या विजय बारसे सरांनी. भर पावसात मुलं प्लास्टिकची बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. चेंडू हवाच, पण रोज वेळेवर येणारा मोठा माणूस त्याहून जास्त हवा.

नववीतला एकजण महिनाभर दारातच उभा राहायचा. मी आग्रह केला नाही, त्याची जागा मात्र राखून ठेवली. आता तो लहानांचे पाढे घेतो.

तुमच्याही जवळ अशी वस्ती असेल. आठवड्यातला एक तास द्या.