यकृतात चरबी का साचते?

आपल्या यकृताचे वजन साधारण दीड किलो असते. त्यात थोडी चरबी असणारच, पण तिचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले की डॉक्टर त्याला 'फॅटी लिव्हर' म्हणतात. दुखतखुपत काही नाही, त्यामुळे बहुतेकांना ते सोनोग्राफीतच कळते. माझ्या बाबांनाही वार्षिक तपासणीत असेच कळले. बाबा दारूला हात लावत नाहीत. त्यामुळे या सुट्टीत चंदीगडला, सेक्टर ४३ मधल्या आमच्या घरी एकच प्रश्न होता : मग हे झाले कसे? मी वाचायला घेतले आणि थेट प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपाशी पोहोचलो.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगू लागली. पण काही महिन्यांनी त्यांची यकृते चरबीने भरत आणि ती मरत. खाण्यात कच्चे स्वादुपिंड दिले की मात्र वाचत. त्यातले नेमके काय उपयोगी पडते हे शोधताना आधी लेसिथिन आणि मग त्यातलाच एक घटक, कोलीन, हाती लागला. १९३२ मध्ये बेस्ट आणि त्यांच्या सहकारी हंट्समन यांनी दाखवले, की आहारात कोलीन असेल तर उंदरांच्या यकृतात चरबी साचणे टळते.

असे का होते? यकृत म्हणजे सप्लाय डेपो समजा. रक्तातून तिथे चरबी येते, शिवाय जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतःही चरबी बनवते. हा माल बारीक कणांत भरून शरीरभर पाठवायचा असतो. त्या कणांचे वेष्टन तयार करायला कोलीन लागते. वेष्टन नसेल तर माल निघत नाही आणि डेपो तुंबतो.

मग बाबांना कोलीनच्या गोळ्या द्यायच्या का? नाही. आपल्या मेसमधल्या एका अंड्यात सुमारे १५० मिलिग्रॅम कोलीन असते, सोयाबीनमध्येही ते मिळते. बहुतेक माणसांचा डेपो वेष्टनाअभावी तुंबत नाही, तर येणारा माल फार आणि खपणारा कमी म्हणून तुंबतो. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पांढऱ्या मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, तर पित्ताशयच नसते! म्हणून प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांवर तपासल्याशिवाय वापरत नाहीत.

मला सर्वांत पटला तो अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाचा प्रयोग. तिथे जन्मतःच खूप खाणाऱ्या उंदरांचे गट केले. एका गटाच्या पिंजऱ्यात पळायचे चाक होते, दुसऱ्यात नव्हते. बसून राहिलेल्यांना फॅटी लिव्हर झाले, पळणाऱ्यांना झाले नाही. पुढे चाके बंद केली, तेव्हा आठवड्याभरातच यकृताची चरबी जाळण्याची क्षमता घसरू लागली.

हे वाचल्यावर बाबांचे कोडे सुटले. तरुणपणी ते रोज पीटी करत. गेली काही वर्षे काम टेबलावरचे आहे, पण भूक आणि गोड लस्सीचा ग्लास जुनाच राहिला. त्यांच्यासाठी हा नुसता रिपोर्ट नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरी घसरली, की पोस्टिंग आणि बढती दोन्हींवर परिणाम होतो.

चांगली गोष्ट ही, की सुरुवातीच्या टप्प्यात हे मागे फिरते. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले तर यकृतातील चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. बाबा ८० किलोंचे आहेत, म्हणजे साडेपाच ते आठ किलो. लस्सी आणि कोल्ड्रिंक बंद झाले आहे, संध्याकाळी आई आणि ते दोघे तासभर भरभर चालतात. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आहे.

मित्रांनो, सकाळची पीटी आपल्याला आज सक्तीची वाटते. पास आउट झाल्यावर शिट्टी वाजवून उठवायला कोणी येणार नाही. तेव्हाही पळणे चालू ठेवा, आणि घरी कोणाला फॅटी लिव्हर सांगितले असेल तर त्यांना सोबत न्या.