घडीची सायकल आणि अप-डाऊनचा हिशेब

बडोद्याहून आणंद, भरूच, अंकलेश्वर किंवा अहमदाबादला रोज अप-डाऊन करणारे आपल्या मंडळाच्या कुटुंबांत कमी नाहीत. आणंद साधारण 35 किलोमीटर, भरूच 70, अहमदाबाद 100. एवढे अंतर मेमू किंवा क्वीनने पासावर स्वस्तात पार पडते. खरा खर्च आणि खरी दमछाक असते ती दोन टोकांची. दांडिया बाजारातून रावपुरा, कोठी, काळा घोडा करत स्टेशन गाठायचे म्हणजे अडीच-तीन किलोमीटर. उतरल्यावर कचेरी किंवा कारखाना पुन्हा तेवढाच लांब. रिक्षाचे पैसे पासाच्या पैशांपेक्षा जास्त होतात.

आमच्या पिढीतले अप-डाऊनवाले यावर दोन सायकली ठेवत. एक बडोद्याच्या स्टँडवर, दुसरी उतरायच्या गावी. दुसरी रात्रभर परगावी पडून राहायची, म्हणून सकाळी कधी हवा गेलेली, तर कधी घंटी गायब. शिवाय स्टँडचे भाडे दोन ठिकाणी. घडीची सायकल हे काम एकाच वाहनात करते. म्हणून नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी ती घ्यावी का, हा प्रश्न आता घराघरांत विचारला जातो.

सायकल नव्हे, सामान

ही सायकल निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण ती दिवसातून अर्धा तास चालवणार, पण जिने, पूल, डबा आणि कचेरी इथे ती उचलून नेणार. म्हणजे ती आधी सामान आहे, मग सायकल. म्हणून वजन आणि घडीचे माप हे दोन आकडे पहिले विचारावेत. गिअर किती, रंग कोणता, हे नंतर.

आपल्याकडे जास्त दिसतात त्या 20 इंची चाकांच्या, मधोमध घडी पडणाऱ्या सायकली. त्यांचे वजन साधारण 12 ते 15 किलो आणि घडी सुमारे 80×65×40 सेंटीमीटर. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी 1970च्या दशकात घडवलेली ब्रॉम्प्टन 16 इंची चाकांची असते. तिचे वजन बहुधा 11-12 किलो आणि घडी सुमारे 65×58×27 सेंटीमीटर, पण किंमत फारच जास्त.

15 किलो म्हणजे घरातले रिकामे गॅस सिलिंडर. ते हातात घेऊन स्टेशनचा पूल रोज दोनदा चढायचा आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. अशा वेळी वजनातला दोन-तीन किलोंचा फरक किमतीतल्या फरकाइतकाच मोलाचा ठरतो.

लहान चाकाने पाय जास्त मारावे लागतात का?

ही शंका सर्वांनाच येते. साध्या 28 इंची सायकलच्या चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर असतो. पेडलजवळच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. घडीच्या सायकलच्या 20 इंची चाकाचा घेर दीड मीटरच असतो, पण तिची चक्रे 52 आणि 14 दात्यांची असू शकतात. तेव्हा एका फेरीत सुमारे 5.6 मीटर. म्हणजे चाकातली तूट चक्रांत भरून निघते.

लहान चाकाची खरी अडचण खड्ड्यांची आहे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात लहान चाक आत उतरते. पावसाळ्यात पाणी साचून खड्डा दिसेनासा झाला, की हा धोका वाढतो. म्हणून टायर जरा रुंद घ्यावेत आणि साचलेल्या पाण्यात सायकल घालू नये, उतरून ढकलत न्यावी.

20 इंचीचा आणखी एक फायदा म्हणजे मुलांच्या सायकलीचे त्या मापाचे ट्यूब-टायर नेहमीच्या दुकानात मिळतात. ब्रॉम्प्टनचा टायर मात्र 16 इंची म्हणवत असला, तरी मुलांच्या 16 इंची सायकलच्या रिमपेक्षा त्याचे माप वेगळे असते.

डब्यात

पेटीसाठी रेल्वेने 100×60×25 सेंटीमीटर हे माप दिलेले आहे. काटेकोर मोजले तर 20 इंची घडी त्यात बसत नाही. म्हणून ती पिशवीत घालून न्यावी आणि आपल्या पासावर सोबत किती सामान चालते, हे पार्सल ऑफिसात आधी विचारून घ्यावे. घडी दारात ठेवू नये. चेनची बाजू भिंतीकडे असावी, म्हणजे शेजाऱ्याच्या कपड्यांना ग्रीस लागत नाही.

जमाखर्च

समजा सायकल 25,000 रुपयांची, दोन्ही टोकांचे मिळून रोज 80 रुपये रिक्षाभाडे वाचते आणि महिन्याला 22 दिवस कामाचे. बचत 1,760 रुपये. वर्षाला 2,000 रुपये देखभालीचे धरले, तर महिन्याला 167 वजा जाऊन 1,593 उरतात. पैसे सुमारे 16 महिन्यांत वसूल होतात. पण पाऊस, ऊन, आळस यामुळे महिन्यातून 12 दिवसच वापरली, तर हाती 793 रुपयेच राहतात आणि वसुलीला अडीच वर्षांहून जास्त लागतात. तेव्हा किंमत पाहून नव्हे, तर महिन्यातून किती दिवस नेणार, हे ठरवून निर्णय घ्यावा.

ज्यांचा सगळा प्रवास सायकलवरच होणार आहे किंवा ज्यांना घडी करायचीच नाही, त्यांनी साधी सायकल घ्यावी. ती स्वस्त, दणकट आणि खड्ड्यांना सोसणारी असते. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनीही उचलण्याचा विचार आधी करावा.

घेतलीच तर रोज निघताना फ्रेमची बिजागरी आणि हँडलच्या दांड्याचा खटका पक्का बसला आहे ना, हे हाताने हलवून पाहावे. चालताना हा खटका सुटला तर पडण्याचा धोका थेट आहे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि छोटा पंप यांचे पैसे किमतीतच धरावेत.

आणि दुकानात फक्त चालवून पाहू नका. घडी स्वतः तीनदा घाला आणि उघडा, मग ती उचलून एक जिना चढून या. वर पोहोचल्यावरही घ्यावीशी वाटली, तर खुशाल घ्या.