नखे लांब, बटणे लहान

रोमन लिपीत निरोप टंकित करताना ‘वाय’ लिहायला जावे तर ‘एच’ उमटतो, ‘ई’ दाबावा तर ‘डी’ येतो. नखे वाढविलेल्या अनेकींना हा अनुभव नवा नाही. लग्नसराईच्या तोंडावर अ‍ॅक्रिलिकची नखे लावून घेणाऱ्यांना तर तो पहिल्याच दिवशी येतो. पाश्चात्त्य अभिजात शैलीची गिटार वाजविणारे उजव्या हाताची नखे मुद्दाम राखतात. त्यांचीही सुटका नाही. यावर ‘नखे कापा’ असा सल्ला घरोघरी मिळतो. परंतु दोष बोटांचा कमी आणि कळफलकाच्या निवडीचा अधिक असतो.

बटणांच्या फोनवर ही अडचण जवळपास नव्हती. बटण दाबले की आतला विद्युत संपर्क जुळे. दाब बोटाचा की नखाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. ब्लॅकबेरीच्या उंचवटेदार बटणांवर तर नखाचे टोक नेमके बसे. २००८ मध्ये आलेल्या नोकिया ५८०० या फोनचा स्पर्शपडदाही ‘रेझिस्टिव्ह’, म्हणजे दाब ओळखणारा होता. वरचा लवचिक थर खालच्या थराला टेकला की काम झाले. तिथे नख लेखणीसारखे उपयोगी पडे.

२००७ च्या आयफोनने रुळविलेला ‘कपॅसिटिव्ह’ पडदा मात्र दाब मोजत नाही. त्याच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. माणसाचे शरीर वीजवाहक असल्याने बोट टेकताच त्या जागी जाळीच्या विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो आणि फोनला स्पर्श कळतो. नख केराटिनचे, म्हणजे जवळजवळ वीजरोधक. त्याचे टोक काचेवर कितीही आपटले तरी पडद्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून बोट आडवे करून त्याचा मांसल भाग टेकवावा लागतो, आणि खरी गोम इथेच आहे. डोळा नखाच्या टोकाकडे पाहून नेम धरतो. फोन मात्र त्वचा टेकलेल्या भागाचा मध्य काढतो. हा मध्य नखाच्या टोकापासून बराच खाली असतो. साहजिकच चुका चहूकडे न होता बहुधा खालच्या ओळीत होतात.

एवढे लक्षात आले की निवड सोपी होते. कळफलकाची उंची सर्वांत आधी पाहावी. जीबोर्ड आणि स्विफ्टकी या दोन्हींत ती सेटिंग्जमधून वाढविता येते. त्यामुळे वाचायला जागा कमी उरते खरी, पण ‘वाय’ आणि ‘एच’ यांच्यात अंतर पडते. अनेक जण यासाठी फोन आडवा धरतात. त्याने बटणे रुंद होतात, उंच होत नाहीत. म्हणून या तक्रारीवर तो उपाय नव्हे. एका हाताने लिहिण्यासाठीचा आक्रसलेला कळफलकही टाळलेला बरा.

बोट न उचलता अक्षरांवरून सरकवत शब्द लिहिण्याची सोय लांब नखांना विशेष मानवते. येथे फोन प्रत्येक अक्षर सुटे न पाहता बोटाच्या संपूर्ण मार्गावरून शब्द ओळखतो. त्यामुळे एखादे अक्षर थोडे हुकले तरी चालते. आयफोनच्या मूळ कळफलकात ती २०१९ मध्ये आली. मात्र ही सोय प्रत्येक भाषेत असतेच असे नाही, तेव्हा मराठीत आधी तपासून पाहावे.

मराठीचा प्रश्न अंमळ अवघडच आहे. देवनागरी कळफलकावर अक्षरे अधिक, म्हणून बटणे लहान. रोमन अक्षरांतून मराठी लिहावे तर बटणे मोठी मिळतात, पण ‘शिक्षण’ या एका शब्दासाठी आठ वेळा नेम धरावा लागतो. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकाची कल्पना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच भोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि बोट हव्या त्या रूपाकडे सरकविले की अक्षर तयार होते. मात्रेसाठी वेगळा नेम धरावा लागत नाही. बोलून लिहिण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये मराठीत आणली. पण लोकलच्या डब्यात खासगी निरोप मोठ्याने कोण सांगणार?

नवा कळफलक घेताना तो कोणाचा आहे हे अवश्य पाहावे. त्यावर लिहिलेले सारे त्याच्या निर्मात्यापर्यंत पोचू शकते, अशी सूचना अँड्रॉइड फोन स्वतःच देतो. केवळ बटणे मोठी आहेत म्हणून अनोळखी कळफलक बसविणे शहाणपणाचे नाही.

आणि हे सारे करूनही एक जागा उरतेच. यूपीआयचा पिन टाकण्याचा अंकफलक वेगळा असतो. निवडलेला कळफलक तिथे लागू होत नाही. आकडे बिंदूंआड लपत असल्याने चूक दिसतही नाही, आणि पिन वारंवार चुकल्यास व्यवहार काही काळ अडतो. दुकानात मागे रांग खोळंबली असता बोट दुमडून सांध्याने आकडे दाबावेत. तिथे त्वचा असते, नख आड येत नाही. ते जमत नसेल तर पर्समध्ये मऊ रबरी टोकाची लेखणी ठेवावी.