चूक मोजायची, खुंटी पिळायची

हृदयरोपणाच्या जुन्या पद्धतीत शल्यविशारद रुग्णाचं हृदय सगळंच्या सगळं काढत नसत. वरच्या कप्प्यांची मागची भिंत जागेवर ठेवून तिलाच नवं हृदय शिवत. शरीराला जन्मापासून ठेका देणारा पेशींचा पुंजका त्या उरलेल्या भागात असतो आणि शस्त्रक्रियेनंतरही तो आपल्या लयीत विजेचे ठोके देत राहतो. टाक्यांच्या रेषेपलीकडे मात्र त्याचा हुकूम चालत नाही. नवं हृदय स्वतःच्या ठेक्यावर धडधडतं. एकाच छातीत दोन लयी चालतात आणि ईसीजीच्या कागदावर उमटते ती मुख्यतः नव्या हृदयाची. जुन्याची कुजबुज तिच्याखाली दबून जाते.

ती कुजबुज वेगळी काढून दाखवणारा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य लेखक डॉक्टर नव्हते. बर्नार्ड विड्रो स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवत होते. याच विद्यापीठात नॉर्मन शमवे यांनी जानेवारी १९६८ मध्ये अमेरिकेतलं प्रौढ रुग्णावरचं पहिलं हृदयरोपण केलं होतं. विड्रो आणि सहकाऱ्यांनी दोन नोंदी घेतल्या. एक हाताच्या शिरेतून जुन्या हृदयाच्या कप्प्यापर्यंत सरकवलेल्या कॅथेटरमधून, म्हणजे दोन्ही ठोक्यांचं मिश्रण. दुसरी छातीवरच्या साध्या इलेक्ट्रोडची, म्हणजे जवळपास फक्त नव्या हृदयाची. दुसरीला योग्य आकार देऊन ती पहिलीतून वजा केली आणि जुन्या हृदयाचा ठेका उघडा पडला.

सगळी मेख त्या ‘योग्य आकार’मध्ये आहे. नव्या हृदयाचा ठोका छातीवर जसा दिसतो, तसाच तो कॅथेटरच्या टोकाशी दिसत नाही. वाटेतल्या पेशींमधून जाताना त्याची उंची, वेळ, वळणं बदलतात. किती बदलतात, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं आणि दर रुग्णागणिक ते वेगळं असतं. म्हणून फिल्टर असा हवा, जो समोरच्या सिग्नलकडे बघून स्वतःला घडवेल. अशा फिल्टरांच्या मागे विड्रो यांनी उभं आयुष्य घालवलं.

विड्रो यांचा जन्म १९२९ चा, कनेटिकट राज्यातल्या नॉर्विचचा. बी.एस. ते डॉक्टरेट असं त्यांचं सगळं उच्च शिक्षण एमआयटीत झालं. नॉर्बर्ट वीनर तिथेच होते. गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणारा सर्वोत्तम फिल्टर कसा असावा, याचं गणित वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलं होतं. गणित देखणं होतं, पण त्याची एक अट होती: सिग्नल आणि गोंगाट या दोन्हींचे सांख्यिकी गुणधर्म आधी माहीत हवेत. प्रत्यक्षात ते क्वचितच माहीत असतात, आणि असले तरी तासाभरात बदलतात.

१९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात एक बैठक भरली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव जगासमोर आलं ते तिच्यामुळे. विड्रो तिथे आठवडाभर राहिले आणि भारावून परतले. पुढचे सहा महिने त्यांनी विचार करणारं यंत्र कसं बनवता येईल, याचाच विचार केला. यंत्रं तेव्हा फारच तोकडी होती. अजून पंचवीस वर्षं तरी हे होत नाही, असा निष्कर्ष काढून ते आवाक्यातल्या प्रश्नाकडे वळले: अनुभवातून सुधारणारा फिल्टर बनवता येईल का? या माघारीचं मोल मला फार वाटतं. मोठं स्वप्न बाजूला ठेवून त्यांनी जो लहान प्रश्न हाती घेतला, तोच पुढे त्यांना पुन्हा त्या स्वप्नाच्या दारात घेऊन गेला.

१९५९ साली ते स्टॅनफर्डला आले. त्या शरद ऋतूत एका शुक्रवारी दुपारी टेड हॉफ नावाचा नवा संशोधक विद्यार्थी त्यांच्या खोलीत आला आणि दोघं फळ्यासमोर उभे राहिले. फिल्टरमध्ये अनेक गुणक असतात. प्रत्येक गुणक म्हणजे कमीजास्त करता येणारं एक बटण, असं समजू. फिल्टरचं उत्तर आणि हवं ते उत्तर यांतला फरक ही चूक. चुकीचा वर्ग घ्यायचा, त्याची सरासरी काढायची आणि ती सर्वांत कमी होईल अशा जागी प्रत्येक बटण न्यायचं. कुठल्या बाजूला वळवल्यावर चूक घटते हे कळण्यासाठी प्रचलित पद्धतीत भरपूर नमुने गोळा करून सरासरी घ्यावी लागे. बटणं वाढली की कामही वाढे.

फळ्यावर त्या दुपारी जे सुचलं ते धाडसाचं होतं. सरासरीसाठी थांबायचंच नाही! आत्ता, या क्षणाला जी एक चूक हातात आहे, तिलाच सरासरी मानून चालायचं. मग गणित इतकं आटोपशीर होतं की प्रत्येक बटणासाठी चूक, त्या बटणावरचा सिग्नल आणि एक छोटा ठरावीक आकडा यांचा गुणाकार केला की झालं. एका क्षणाची चूक अर्थातच बेभरवशाची असते. एखादं पाऊल उलटंही पडतं. पण पावलं लहान असली की उलटी-सुलटी पावलं एकमेकांना फेडून टाकतात आणि एकूण वाटचाल उताराच्याच दिशेने होते. तंबोरा लावणारा असंच करतो. तार छेडायची, स्वर किती हलला ते कानाने जोखायचं, खुंटी किंचित पिळायची, पुन्हा छेडायची. तारेचा ताण किती हवा याचं कोष्टक त्याच्याजवळ नसतं, तरी तार लागते.

या पद्धतीचं नाव ‘लीस्ट मीन स्क्वेअर’, म्हणजेच एलएमएस. समोरच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर होता. हॉफने त्याच दुपारी त्यावर जोडणी केली आणि पद्धत चालली. शनिवार-रविवारी विद्यापीठाचं भांडार बंद, म्हणून दोघांनी पालो अल्टोतल्या एका दुकानातून सुटे भाग आणले आणि यंत्र उभं केलं. ते ‘अ‍ॅडलाइन’. दर्शनी भागावर चार ओळींत चार-चार खटके, म्हणजे सोळा ठिपक्यांची पाटी; खाली हाताने फिरवायची बटणं; आणि चूक दाखवणारा काट्याचा मीटर. खटक्यांनी एखाद्या अक्षराचा आकार मांडायचा, काटा बघायचा, प्रत्येक बटण सारख्याच अंशाने योग्य बाजूला फिरवायचं, मग पुढचा आकार. काही फेऱ्यांनंतर यंत्र अक्षरं वेगळी ओळखू लागे. अक्षर थोडं बिघडवून मांडलं तरी ओळखे.

बटणं हाताने फिरवण्याचा खटाटोप टाळायला त्यांनी पेन्सिलीच्या शिशावर तांब्याचा मुलामा चढवणारा-उतरवणारा एक भाग केला. मुलामा जाड झाला की विद्युतरोध कमी, पातळ झाला की जास्त. त्याचं नाव ‘मेमिस्टर’. हॉफ पुढे १९६८ साली इंटेलमध्ये गेले आणि १९७१ मध्ये बाजारात आलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता.

स्वतःला जुळवून घेणाऱ्या फिल्टरांची गरज इतरांनाही भासत होती. एप्रिल १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ उपग्रह अवकाशात गेला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जाऊन परत यायला आवाजाला पाव सेकंद लागतो. पलीकडच्या टोकाहून थोडा आवाज परतला की बोलणाऱ्याला आपलाच शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि बोलणं अडखळतं. बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि भारतातून अमेरिकेत गेलेले मन मोहन सोंधी यांनी याच काळात प्रतिध्वनी पुसणारा फिल्टर तयार केला. तो दर वेळी तारेच्या त्या जोडणीचा प्रतिध्वनी शिकून घेई आणि वजा करी. पुणे जिल्ह्यात आर्वीला उपग्रह भू-केंद्र सुरू झाल्यावरचे परदेशी फोन ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ते अडखळणं आठवेल.

मोडेमची गोष्टही जवळचीच. १९९५ नंतर आपल्याकडे घरोघरी इंटरनेट आलं, तेव्हा फोन जोडताना मोडेम किंचाळायचा. त्या किंचाळण्यातला काही भाग सरावाचा असे. दोन्ही टोकांना आधीच ठरलेला सिग्नल पाठवून फिल्टर त्या वेळच्या तारेचे दोष शिकून घेत.

पण १९७५ च्या निबंधातली मौज निराळी आहे. सरावासाठी ‘बरोबर उत्तर’ लागतं. रुग्णाच्या बाबतीत ते आणायचं कुठून? विड्रो यांचं उत्तर असं की ते लागतच नाही. नको असलेल्या सिग्नलचा स्वतंत्र नमुना हवा. फिल्टर तो नमुना वळवून मिश्रणातून वजा करतो आणि जे उरतं त्याची शक्ती कमीत कमी करण्याचा प्रयत्न करतो. हव्या असलेल्या सिग्नलचा नमुन्याशी काही संबंध नसल्याने फिल्टर त्याला हात लावू शकत नाही. घटू शकतो तो फक्त गोंगाट. उरलेलं हेच उत्तर आणि फिल्टरच्या लेखी तीच चूक! नमुन्यात हवा असलेला सिग्नल झिरपला तर मात्र तोही कापला जातो, म्हणून नमुना कुठून घ्यायचा याला फार महत्त्व.

गर्भातल्या बाळाचे ठोके याच निबंधात आहेत. आईच्या पोटावरच्या इलेक्ट्रोडमध्ये तिच्या हृदयाचा ठोका बाळाच्या ठोक्याहून कितीतरी मोठा. तिच्या छातीवरच्या चार इलेक्ट्रोडमधून नमुना घेतला, वजा केला आणि बाळाचे ठोके स्पष्ट उमटले. ईसीजीत घुसणारी विजेची गुणगुणही, अमेरिकेत ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची, भिंतीवरच्या सॉकेटमधून नमुना घेऊन काढता येते. वारंवारिता थोडी सरकली तरी फिल्टर मागोमाग सरकतो.

विचार करणारं यंत्र मात्र विड्रो यांच्या मनातून गेलं नव्हतं. साठच्या दशकात त्यांनी अनेक अ‍ॅडलाइन थरांत जोडून पाहिल्या. पण प्रत्येकीचं उत्तर कडक ‘हो’ किंवा ‘नाही’. त्यात उतारच नाही, मग आतल्या थरांची बटणं कुठे वळवायची? ती वाट पॉल वर्बॉस यांनी १९७४ च्या प्रबंधात आणि रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी १९८६ मध्ये मोकळी केली. त्यांनी कडक उत्तराऐवजी मऊ वक्र घेतला आणि चूक थराथरांतून मागे नेली. अब्जावधी बटणं असलेली आजची भाषा-मॉडेलंही याच पद्धतीने, थोड्या थोड्या नमुन्यांवरच्या चुकीनुसार लहान पावलं टाकत घडतात.

१९८९ साली विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी डेरिक न्गुयेन यांनी असंच थराथरांचं एक नेटवर्क संगणकावरच्या ट्रेलर-ट्रकच्या सुकाणूला जोडलं. ट्रक फक्त मागे जाऊ शकत होता; ट्रेलरचं मागचं टोक धक्क्याला नेमकं टेकवायचं. ट्रेलर मागे घेणं कसबी ड्रायव्हरलाही अवघड. सुकाणू डावीकडे वळवलं तर ट्रेलर भलतीकडेच जातो. आधी धक्क्याजवळून, मग दुरून, मग ट्रेलर वाकडा दुमडलेल्या अवस्थेतून असा हजारो वेळा सराव झाला. सरावाअंती नेटवर्क ट्रकला अशा जागांवरूनही धक्क्याला नेऊ लागलं, ज्या सरावात कधी आल्याच नव्हत्या.