निम्मा खेळ हिरवळीवरचा : अदिती अशोकची जडणघडण

गोल्फ हा लांब फटक्यांचा आणि म्हणून ताकदीचा खेळ आहे, असा सर्वसाधारण समज असला, तरी या खेळाचा हिशेब मांडून पाहिला की वेगळेच चित्र दिसते. अठरा होलच्या मैदानावर निष्णात खेळाडूला साधारणपणे ७२ फटके लागावेत, असे गृहीत धरलेले असते आणि या अपेक्षित संख्येला ‘पार’ म्हणतात. मात्र त्यांतील प्रत्येक होलमागे दोन, म्हणजे एकूण ३६ फटके, छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजेच ‘ग्रीन’वर, चेंडू हलकेच घरंगळत नेण्याचे असतात. या फटक्याला ‘पट’ म्हणतात. ताकदीपेक्षा नजर, अंदाज आणि स्थिर मन यांची कसोटी पाहणारा हा निम्मा खेळ अदिती अशोकच्या यशाचा पाया आहे.

अदितीचा जन्म २९ मार्च १९९८ रोजी बेंगळुरूत झाला. घरात गोल्फची परंपरा नव्हती. तथापि, कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान दिसेल अशा एका उपाहारगृहात कुटुंबाचे जाणे-येणे असल्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलीला त्या खेळाचे कुतूहल वाटू लागले आणि आई-वडिलांनी ते मनावर घेतले. पुढे वडील अशोक गुडलामणी अनेक स्पर्धांत तिचे कॅडी झाले. कॅडी केवळ क्लबांची, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठ्यांची, पिशवी वाहत नाही. अंतर, वारा आणि हिरवळीचा उतार यांविषयी तो खेळाडूला सल्ला देतो, आणि खेळ चालू असताना सल्ला मागण्याची मुभा खेळाडूला प्रामुख्याने त्याच्याकडेच असते.

तेराव्या वर्षी, हौशी खेळाडू असतानाच, तिने देशांतर्गत व्यावसायिक महिलांच्या मालिकेतील स्पर्धा जिंकली. २०१४ मध्ये युवा ऑलिंपिक आणि आशियाई क्रीडा स्पर्धा, अशा दोन्ही ठिकाणी तिने भारताचे प्रतिनिधित्व केले. युरोपातील महिलांच्या व्यावसायिक मालिकेत प्रवेश मिळवण्यासाठी पात्रता स्पर्धा खेळावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत झालेली ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली आणि १ जानेवारी २०१६ पासून तिने व्यावसायिक म्हणून वाटचाल सुरू केली. त्याच वर्षी तिचे शालेय शिक्षण पूर्ण झाले, वडिलांना कॅडी म्हणून सोबत घेऊन ती रिओ ऑलिंपिक खेळली, आणि नोव्हेंबरमध्ये गुरुग्राम येथे महिलांची इंडियन ओपन जिंकून युरोपीय मालिकेतील विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला झाली. पाठोपाठ कतारमधील स्पर्धाही तिने जिंकली आणि मालिकेतील वर्षाची सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून तिची निवड झाली.

तिच्या खेळाचे मर्म सर्वाधिक स्पष्टपणे दिसले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये. जागतिक क्रमवारीत २००व्या स्थानी असलेल्या अदितीचे सुरुवातीचे फटके अव्वल प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत आखूड पडत होते. त्यामुळे त्यांच्यापेक्षा दुरून हिरवळ गाठायची आणि गेलेले अंतर पटच्या अचूकतेने भरून काढायचे, हाच मार्ग तिच्यापुढे होता. या वेळी कॅडी म्हणून आई सोबत होती. चार फेऱ्यांअखेर पारपेक्षा १५ फटके कमी घेऊन ती चौथी आली. सुवर्णपदक विजेत्या नेली कोर्डाने १७ फटके कमी घेतले होते, तर रौप्य आणि कांस्य पदकांचा निर्णय पारपेक्षा १६ फटके कमी घेणाऱ्या दोघींमधील अतिरिक्त लढतीने झाला. म्हणजे अदितीचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, तिने रौप्यपदक मिळवले आणि अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला गोल्फपटू ठरली.

भारतात गोल्फची मैदाने प्रामुख्याने क्लबांच्या आणि लष्कराच्या ताब्यात असल्याने सामान्य घरातील मुलीला हा खेळ दुरूनच पाहावा लागतो. पूर्ण मैदानाला शंभर एकरांहून अधिक जागा लागते, पटच्या सरावाला मात्र हिरवळीचा लहानसा तुकडा पुरतो. असे तुकडे शाळकरी मुलींसाठी खुले झाले, तर अदितीला लाभलेली सुरुवात आणखी कितीतरी जणींच्या वाट्याला येऊ शकेल.