अंडें : चुलीवरचें आणि आठवणींतलें

पाकशास्त्राच्या पुस्तकांत अंड्यास सहसा चारदोन पानेंच मिळतात. फोडावें, फेटावें, तव्यावर घालावें. यांत शिकण्यासारखें तें काय, असा लिहिणाराचा समज असावा. परंतु आमच्या पेठ तालुक्यांतील डोंगराळ गांवांत अंडें हें केवळ खाद्य नव्हे. ज्या घरीं दोन कोंबड्या आहेत, त्या घरच्या गृहिणीपुढें प्रत्येक अंड्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो : हें उबवावयास ठेवावें, बाजारांत विकावें, कीं मुलाच्या ताटांत वाढावें?

तिचा हिशेब असा असतो. गांवठी कोंबडी एका पाळीस १० ते १५ अंडीं घालते आणि मग खुडूक बसते. २१ दिवसांनीं पिलें बाहेर येतात. त्यांतलीं कांहीं घारीच्या व कांहीं मुंगसाच्या वांट्यास जातात. वर्षाकाठीं अशा कोंबडीनें ६० ते ८० अंडीं दिलीं म्हणजे पुष्कळ झालीं. सातव्या दिवसाच्या सुमारास अंडें अंधारांत दिव्यापुढें धरलें, तर आंत तांबड्या शिरांचें जाळें दिसतें. ज्यांत तें दिसत नाहीं, त्यांतून पिलूं निघावयाचें नाहीं. ही परीक्षा करणाऱ्या आज्यांनीं जीवशास्त्राचें पुस्तक कधीं उघडलें नव्हतें, हें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं ध्यानांत घ्यावें.

पिलांसाठीं व मीठ-तेलासाठीं काढून ठेवल्यावर जें उरे, तें चुलीकडे येई. म्हणून आपल्याकडील अंड्यांच्या पाककृतींचा खरा हेतु एकच दिसतो : एक अंडें अनेकांना पुरविणें. माझी आजी उकडलेलें अंडें सुरीनें कापीत नसे. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून ती त्याचे चार सारखे भाग करी. सुरीला जो बलक चिकटून वायां जातो, तो दोऱ्याला चिकटत नाहीं. दोन अंड्यांच्या भुर्जींत तीन कांदे असत. अंड्याच्या पोळींत मूठभर बेसन, हिरवी मिरची व कोथिंबीर मिसळली कीं ती सहा जणांच्या नागलीच्या भाकरीस पुरे. पूर्ण अंडें मात्र दोघांनाच मिळे : आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. आम्ही भावंडें ताप आल्याचें सोंग करीत असूं. परंतु आजी कपाळास हात लावून पाही, आणि तिचा हात फसत नसे.

आमच्या घरीं अखंड अंडें सर्वांस मिळण्याचा दिवस म्हणजे ईस्टर. पूर्वीं युरोपांत ईस्टरपूर्व उपवासकाळांत मांसाबरोबर अंडींही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नाहीं. साहजिकच अंडीं सांठत आणि सणाच्या दिवशीं तीं रंगवून वांटलीं जात. आमच्या आजीपाशीं विकतचे रंग नव्हते. पण नाशिक हा तर कांद्याचा जिल्हा! कांद्याचीं सुकीं सालें पाण्यांत घालून त्यांतच अंडीं उकडलीं कीं त्यांवर सुरेख विटकरी रंग चढे.

आतां थोडें या पाकक्रियेच्या कारणांविषयीं. अंड्याच्या पांढऱ्या भागांत शेंकडा ८८ ते ९० भाग पाणीच असतें. बाकी मुख्यतः प्रथिनें. हीं प्रथिनें दोऱ्याच्या गुंड्यांसारखीं गुंडाळलेलीं असतात. उष्णतेनें ते गुंडे सुटतात, परस्परांत अडकतात आणि त्या जाळ्यांत पाणी कोंडलें जातें. यालाच आपण अंडें बांधलें असें म्हणतों. पांढरा भाग सुमारें ६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊं लागतो, बलक ६५ ते ७० अंशांला. उकळतें पाणी याहून पुष्कळच तापलेलें असतें. म्हणून खळखळत्या पाण्यांत अर्धा तास अंडीं उकडणें हा केवळ सरपणाचा नाश होय. शिवाय पांढऱ्या भागांतील गंधक व बलकांतील लोह यांचा संयोग होऊन बलकाभोंवतीं हिरवट कडें येतें. भुर्जीसही हाच न्याय. आंच फार झाली तर जाळें आवळतें व आंतलें पाणी बाहेर पडतें. कांदा आधीं परतून कोरडा करावयाचा व अंडें शेवटीं मंद आंचेवर घालावयाचें, तें याकरितां.

घांट उतरून पश्चिमेस धरमपूर-वलसाडकडे गेलें कीं अंड्याचा थाट निराळाच! तो पारशी लोकांचा मुलूख. भेंडी असो, बटाटा असो, टोमॅटो असो, शिजत आलेल्या भाजीवर अंडीं फोडून झांकण ठेवावयाचें, ही त्यांची आवडती रीत. त्यांच्या शुभकार्यांत अंडें डोक्याभोंवतीं सात वेळां ओंवाळून फोडतात. आपल्याकडे दृष्ट काढतांना मीठ-मोहऱ्या ओंवाळतात, त्याचेंच हें भावंड म्हणावें.

१९७१ सालीं वेंकटेश्वर हॅचरीज निघाली आणि १९८२ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें अंडीं-उत्पादकांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. पिंजऱ्यांतील कोंबडी वर्षास ३०० पर्यंत अंडीं देऊं लागली व अंडें स्वस्त झालें. तेव्हांपासून गांवठी अंडें अधिक पौष्टिक असा बोलबाला आहे. बलकाचा गडद रंग हा कोंबडीनें टिपलेल्या हिरव्या पाल्याचा व दाण्यांचा गुण. कवचाचा रंग तिच्या जातीचा. प्रथिनांच्या दृष्टीनें, वजनास वजन धरलें तर, दोहोंत म्हणण्यासारखें अंतर नाहीं. उलट गांवठी अंडें आकारानें लहान. तेव्हां आपलीं गांवठी अंडीं चढ्या भावानें विकून त्या पैशांत मुलांकरितां अधिक पांढरीं अंडीं आणणारी आई शहाणी आहे. तिला कोणी नांवें ठेवूं नयेत. मात्र बाजाराच्या दिवशीं सारा पैसा मीठ-तेलांतच गेला, तर मुलाचें ताट रिकामें राहतें.

सरकारनेंही हें ओळखलें होतें. २०१५ सालीं आदिवासी भागांत गरोदर व स्तनदा मातांसाठीं अमृत आहार योजना निघाली आणि पुढच्या वर्षीं तिच्यांत लहान मुलांकरितां आठवड्यांतून चार दिवस अंडें, न खाणाऱ्यांस केळें, अशी भर पडली. शाळांच्या पोषण आहारांत २०२३ च्या अखेरीस आठवड्याचें एक अंडें आलें. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा सरकारी पैसा थांबला व तें लोकवर्गणीवर सोंपविण्यांत आलें. ज्या गांवांत वर्गणी द्यावयासच पैसा नाहीं, तेथें याचा अर्थ काय होतो, हें पालकांस सांगावयास नको.

अंडें ताजें कीं शिळें हें पाहण्यास तें पाण्याच्या भांड्यांत सोडावें. ताजें तळाशीं आडवें पडतें; दिवस गेले कीं कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंतला ओलावा उडतो, हवेची पोकळी वाढते व अंडें उभें राहूं लागतें; तरंगलें तर टाकून द्यावें. अगदीं कालचें अंडें उकडलें असतां सोलतांना कवचाबरोबर पांढरा भागही निघून येतो. आठवडाभर ठेवलेलें सहज सुटतें. म्हणून ईस्टरचीं अंडीं आमच्या घरीं आधींच्या आठवड्यापासून टोपलींत, निमुळतें टोंक खालीं करून, न धुतां ठेवलेलीं असत.