परदेशातील सेवाकार्य : मिरजेच्या अनुभवाच्या आधारे एक विचार

परदेशी जाऊन वंचित नागरी वस्तीत सेवा करणाऱ्याच्या कार्याचे मूल्यमापन कसे करावे? मिरजेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आरंभी सांगलीत दवाखाना चालवून १८९४ मध्ये त्यांनी मिरज येथे रुग्णालय उभारले. ते स्वयंसेवक नव्हे, तर मिशनरी होते आणि धर्मप्रसार हा मिशनचा एक हेतू होता, हे नाकारता येत नाही. तथापि रुग्णसेवेबरोबरच त्यांनी स्थानिकांना परिचर्येचे शिक्षण उपलब्ध करून दिले. आज काही आठवड्यांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांनाही हाच निकष लावावा लागेल : पाहुणा परतल्यावर वस्तीतील कोणाच्या हाती कौशल्य उरते?